गिऱ्हेपुंजे सरांचा उपास

"काय खाल्लं?"

टाकीच्या शिडीपाशी उभं राहून गिऱ्हेपुंजे सर रोज सकाळी वर चढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायचे. "जेवला का?" असं नाही. आमच्याकडं "जेवला का?" म्हणजे राम राम म्हटल्यासारखंच. त्याला "हो जी" एवढंच उत्तर असतं, मग पोटात कावळे का कोकलत असेनात. सरांना बेत ऐकायचा असायचा. एखादा नुसतं "भात" म्हणून सटकायला लागला की सर शिडीवर हात आडवा धरत.

"भात कायच्यासंगं?"

"लाखोळीची डाळ, सर."

"पोटभर?"

"पोटभर जी."

मग हात निघायचा. मी त्या साइटवर स्टोअर सांभाळत होतो. स्टोअर म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्या खिडकीतून शिडी समोरच दिसायची, त्यामुळं गावातल्या निम्म्या चुली मला तोंडपाठ झाल्या होत्या. कोणाकडं अंबाडीची भाजी आंबट झाली, कोणाच्या घरी बोंबील शिजले, कोणाच्या बायकोनं रागानं काल काही रांधलंच नाही, सगळं मला बसल्या जागी कळायचं. दहा वाजायच्या आत मलाच भूक लागायची.

तुमसरच्या पुढं, आंबागडच्या अलीकडं एका गावात पाण्याची उंच टाकी बांधायचं काम चाललं होतं. सर तिथं सेफ्टी ऑफिसर म्हणून आले. त्यांच्याआधी दोघं येऊन गेले होते. त्यांची पद्धत अशी की सगळ्यांना हेल्मेट घालून रांगेत उभं करायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, फोटो वर पाठवायचा, आणि हेल्मेटं परत माझ्याकडं. मी ती पुसून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवत असे. नव्यासारखी राहिली म्हणून एकानं माझं कौतुकही केलं होतं.

सर आले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हेल्मेट कुठं हायेत?" मी अभिमानानं पिशव्या दाखवल्या. त्यांनी एक पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "वा. सामान एकदम सुरक्षित हाये. आता मानसाचं पाहू."

सर पवनी तालुक्यातल्या आसगावचे. घरी भावाकडं धानाची शेती. अंगानं भरलेले, पांढरा फुलशर्ट, खांद्यावर टॉवेल. आमचा इनचार्ज रायपूरकडचा. गिऱ्हेपुंजे हे नाव त्याच्या तोंडात मावेना. कधी "पुंजेजी" म्हणायचा, कधी "गिरी साहब". सर दोन्हीला ओ देत. त्यांची नजर कायम वर असायची. परांचीच्या बल्ल्या, गाठी, फळ्या, माणसांचे पाय. त्यामुळं खालच्या विटा, सळया, पाइप यांना ते दिवसातून कितीदा तरी ठेचकाळायचे. मिक्सरवर काम करणारी शेवंताबाई तोंडाची मोठी फटकळ. ती म्हणायची, "सर, खाली पाहा जरा, नाहीतं तुमच्यासाठी दुसरा सेफ्टीवाला आणा लागन." सर हसायचे आणि लगेच पुढच्या विटेला अडखळायचे.

ओरडणं हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. चैत्रात मोह पडायला लागला तेव्हा आमच्या चौकीदाराची बायको पहाटे फुलं वेचायला जाई, ती नवऱ्याचं हेल्मेट घेऊन. टोपलीपेक्षा बरं पडतं म्हणायची, धरायला पट्टा असतो. सरांनी चौकीदाराला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्याचा वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "गड्या, डोकं गोड वास मारून राहिलं. मुंग्या आल्या तं वरून खाजवशीन कसा?" संध्याकाळी आपल्या खोलीवरची एक बांबूची टोपली त्यांनी त्याच्या घरी नेऊन दिली. हेल्मेट परत आलं. वास काही महिनाभर गेला नाही.

रोज सकाळी पहिल्यांदा वर चढायचे ते स्वतः. बेल्ट बांधून, हुक अडकवत अडकवत, या वयात, त्या पोटासकट. प्रत्येक गाठीला हात लावायचे, फळीवर जोर देऊन उभे राहायचे. खाली आले की टॉवेलनं तोंड पुसून म्हणायचे, "मी उतरलो. आता तुमी चढा." आणि शिडीपाशी बेत विचारायला उभे.

उपाशी माणूस वर जाणार नाही, हा त्यांचा कायदा होता, आणि त्यातच गोम होती. आमच्याकडं उपासांना काय तोटा? सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. त्या दिवशी सर त्या माणसाला खाली तार कापायला, सळया सरळ करायला बसवत. खाली बसणं हे मिस्त्री लोकांना कमीपणाचं. त्यामुळं लोक उपास लपवायचे. श्रावणातल्या एका सोमवारी सळई बांधणाऱ्या एकानं "काय खाल्लं?"वर जोरात सांगितलं, "कोंबडा, सर!" मागची रांग खो खो हसायला लागली. शेवंताबाई मिक्सरपासून ओरडली, "अरे मेल्या, श्रावण सोमवारी कोंबडा खाल्ला तं तुले आधी बायको मारन, मग सर!" तो बिचारा मान खाली घालून तारेच्या बंडलाकडं गेला.

एकदा दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं. सरांचा डबा चार पुडांचा असे आणि ते मन लावून जेवत. त्यांच्याइतकं अन्नावर प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. मी म्हटलं, "सर, बेल्ट हाये, हुक हाये, मग उपासाचं एवढं काहून?"

भात कालवता कालवता ते म्हणाले, "पहिल्या साइटवर आमच्या गावचा एक पोरगा होता. त्याले मी सकाळी विचारलं, जेवला का? तो म्हनला, हो जी. एकादशी होती, भाऊ. चक्कर आली. बेल्ट काढून हुक बदलवून राहिला होता, तेवढ्यातच." आणि मग, "त्याच्या मायले सांगाले मीच गेलो होतो. तिनं मले पहिलं काय विचारलं असन? जेवला होता का?"

त्यानंतर मी त्यांना या बाबतीत काही विचारलं नाही.

नवरात्र आलं तेव्हा टाकीचा घुमट व्हायचा होता. घुमटाचं काम सोमा मिस्त्रीचं. खालच्या खांबांना दुसरे मिस्त्री चालले असते, पण त्या गोल छताची सेंटरिंग आणि वरची घोटाई सोमासारखी आमच्याकडं कोणाला जमत नव्हती. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. घटस्थापनेच्या सकाळी तो शिडीपाशी आला. सरांनी विचारलं, "सोमाभाऊ, काय खाल्लं?"

सोमानं खोटं बोलावं तर उपास फुकट जातो, आणि खरं बोलावं तर वर जाता येत नाही. त्यानं शिडीचा दांडा धरला आणि तसाच उभा राहिला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याची मुलगी पुष्पा. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस होते, सातवा लागला होता, आणि ती बापाकडं आली होती. सोमा मोहाडीच्या देवीला नवस बोलला होता: पोरीचं लेकरू जगलं तर हात चालतील तोवर दर नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहीन, आणि पहिलं नवरात्र आत्तापासूनच धरतो.

"मले देवी धरते, सर," तो म्हणाला. "मी पडत नाही."

"धरते, मले माहीत हाये," सर म्हणाले. "पण नवरात्रात तिच्यामागं केवढी गर्दी रायते. तुह्याकडंच पाहत बसन का ते?"

सोमा हसला नाही. इनचार्ज आला. घुमटाचा दिवस ठरलेला होता, सामान येऊन पडलं होतं. दसरा गेला की लवकर पिकणारा हलका धान कापायला येणार, मग साइटवर चिटपाखरूही राहणार नाही. पुढं ढकलणं शक्य नव्हतं. तो सरांना बाजूला घेऊन म्हणाला, पण आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, "पुंजेजी, या तो सोमा चढेगा, या कल से आप मत आना."

"मी नाही आलो तं चालन," सर म्हणाले. "हा उपाशी चढला तं नाही चालनार." आणि सोमाकडं वळून, "मग जेव ना, बाप्पा."

"जेवलो अन् पोरीचं काही झालं तं?" सोमा म्हणाला.

सर जाऊन रेतीच्या ढिगावर बसले. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. काम थांबलेलं, माणसं सावलीत बसलेली, इनचार्ज फोनवर फेऱ्या घालतोय. मला सरांचा थोडा रागच आला होता, खरं सांगतो. सोमासारखा माणूस अर्धं आयुष्य वर काढून आलाय, त्याला काय होणार आहे, असं मनात येत होतं. आणि लगेच ती आसगावची माय आठवत होती.

बऱ्याच वेळानं सरांनी शेवंताबाईला हाक मारली. "शेवंताबाई, उपास दुसऱ्याले देता येते का?"

"येते ना," ती म्हणाली. "माही जाऊ बाळंतीण होती तं तिचा उपास म्या धरला होता. देवीपुढं पाणी सोडा लागते. घेनाऱ्यानं मात्र मनापासून घ्या लागते, नाहीतं दोघायलेही लागत नाही."

"सोमाभाऊ, मले दे," सर म्हणाले.

सगळे चमकले. शेवंताबाईसुद्धा. चार पुडांचा डबा खाणारा माणूस!

"सर, नऊ दिवस हाये," सोमा म्हणाला. "अन् एका वर्साचं नाही."

"तू वर चढशीन तोवर मी धरतो. ज्या दिवशी चढनं सोडशीन त्या दिवशी घेऊन जा. तुह्या पोरीसाठी हाये ना? मीही पोरीचाच बाप आहो."

त्याच संध्याकाळी आम्ही मोहाडीला गेलो. देवळात गर्दी होती, ज्योतींचा धूर डोळ्यांत जात होता. सोमानं तळहातावर पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटला आणि ते सरांच्या ओंजळीत सोडलं. सरांनी ते डोळ्यांना लावलं. एवढंच. माझं घर मोहाडीतच, म्हणून दोघांना घेऊन घरी आलो. बायकोनं सोमाला वरण, भात, भाजी वाढली. सर समोर पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. सोमाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो जेवत होता. एकदा त्यानं हात आवरता घेतला तेव्हा सर म्हणाले, "भात घे अजून. माह्या वाट्याचाही तूच खा लागन आता."

दुसऱ्या दिवशी खरी गंमत झाली. गाठी तपासायला सर वर जाईनात. इनचार्जनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी उपाशी हाये. उपाशी मानूस वर जात नाही. आता तुमी जा."

इनचार्ज कधी पहिल्या मजल्याच्या वर गेलेला नव्हता. पण माणसं बघत होती. त्यानं बेल्ट बांधला, उलटा बांधला, शेवंताबाईनं तो सरळ करून दिला, आणि तो चढला. उतरला तसा तो सरळ माझ्याकडं आला आणि कठड्यासाठी आणखी बल्ल्या काढायला सांगितल्या. पुढं तो रोज चढला असं नाही. एक-दोन दिवस चढला, मग आपल्या इंजिनियरला पाठवू लागला. पण बल्ल्या लागल्या त्या लागल्या.

घुमट भरायच्या दिवशी सरांनी माझ्याकडून खुर्ची मागून घेतली. साइटवर त्यांना खुर्चीत बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे पडले होते. सकाळपासून ते मान वर करून बसले. वरून सोमाचा आवाज येत राहिला, घमेली जात राहिली, मिक्सर फिरत राहिला. ऊन आलं तशी मी त्यांच्यावर छत्री धरली, तर म्हणाले, "भाऊ, छत्री मांगं घ्या, सोमा दिसत नाही." दिवस कलता घुमट पूर्ण झाला. सोमा एकेक हुक काढत, लावत, सावकाश खाली आला. शेवटच्या पायरीवरून त्याचा पाय जमिनीला लागला तेव्हा सरांनी मान खाली केली, आणि मग ती बराच वेळ वरच होईना.

काहीच झालं नाही त्या दिवशी. सरांच्या धंद्यात हीच तर अडचण. सोमा म्हणू शकतो, तो घुमट माझा. शेवंताबाई म्हणू शकते, त्यातला माल माझ्या हातचा. सरांनी काय दाखवावं? न पडलेला माणूस इतर माणसांसारखाच दिसतो. मला त्यांची फार माया वाटली त्या दिवशी, आणि घटस्थापनेच्या दिवशीचा माझा राग आठवून बरं वाटलं नाही.

थंडीत पुष्पा बाळंत झाली. मुलगी, सुखरूप. सोमा साइटवर पेढे घेऊन आला आणि सगळ्यांत आधी सरांच्या पाया पडला. मग म्हणाला, "सर, माहा उपास वापस द्या. देवीनं ऐकलं. आता मले धरू द्या."

"चढनं सोडलं का?"

"नाही जी. आता तं खानारं तोंड वाढलं."

"मंग नाही देत," सर म्हणाले आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

टाकी झाली, पाणी चढलं, साइट उठली. सर दुसऱ्या कंपनीत गेले, सोमा कुठं कुठं घुमट घालत फिरत राहिला, मी मोहाडीत घरी बसलो. दर नवरात्रात सरांची आठवण यायची. एकदा अष्टमीला फोन केला तर त्यांच्या बायकोनं उचलला. म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या मिस्त्रीले सांगा ना, खाली उतर म्हना. इकडं हे वाळून चालले. घरात पुऱ्या तळाची चोरी झाली." मागून सरांचा बारीक आवाज आला, "तळ ना, बापा, वास तं घेऊ दे."

अशी वर्षं गेली. गेल्या नवरात्रातली गोष्ट. मी दुपारी देवीला जाऊन परत येत होतो. मोहाडीच्या स्टँडसमोर नाश्त्याचं दुकान आहे. तिथं बाकड्यावर एक माणूस पाठमोरा बसून पोहे खात होता, वरून तर्री, लालभडक. खांद्यावर टॉवेल. पाठ वाळलेली होती, पण ओळखू आली.

मी जागच्या जागी थांबलो. नवरात्र चालू होतं आणि गिऱ्हेपुंजे सर जेवत होते. मनापासून घेतलेला उपास मोडणारा तो माणूस नव्हे. उपास सुटायच्या दोनच वाटा होत्या आणि त्यातली एकच माझ्या डोळ्यांपुढं आली. सोमा गेला. कुठल्या तरी उंच जागेवरून गेला, आणि आता सरांनी उपास धरायचा तरी कोणासाठी?

सरांनीच वळून पाहिलं. "अरे, भाऊ! या, बसा."

मी बसलो. त्यांनी माझ्यासाठी प्लेट सांगितली. मी प्लेट बाजूला सारून विचारलं, "सर, सोमा?"

त्यांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी नीट चावला, पाणी प्याले.

"उतरला," ते म्हणाले. "नात आता शाळेत जाते. तिनं रडून रडून आजोबाचं चढनं बंद केलं. परवाच्या दिवशी शेवटचा घुमट घातला, बेल्ट सोडला अन् फोन केला मले. काल इथं देवळात आला. माह्या हातचं पाणी घेतलं." त्यांनी आपला तळहात माझ्यापुढं धरला, जणू अजून ओला असावा. "भाऊ, आपल्या पायानं उतरला तो."

मला भर बाजारात रडू आलं. सरांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी बोटानं प्लेट पुसून घेतली आणि दुकानदाराकडं सरकवली.

"अजून एक दे," ते म्हणाले. "तर्री भरून टाक. लई वर्साची भूक हाये."